पिकअपचा गिअरबॉक्स : बदलायचा की बनवायचा?

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या रस्त्याला दुपारनंतर उभे राहिले, तर एक देखावा हमखास दिसतो. कडेला पिकअप उभी, ताडपत्रीखाली क्रेट रचलेले, ड्रायव्हर गाडीखाली पालथा पडलेला आणि मालक मोबाइलवर कुणाला तरी विनवतोय, "दादा, काही कर, पण दुसरी गाडी धाड." पंक्चर असेल तर माणूस अर्ध्या तासात मार्गी लागतो. डिझेलच्या लाइनीत हवा धरली असेल तरी निघतो. पण "गिअरच पडंना" असे गाडीखालून उत्तर आले, की मालकाचा चेहरा उतरतो. लिलाव काही त्याच्यासाठी थांबणार नसतो, आणि आज न गेलेला माल उद्या मऊ पडलेला असतो.

मग चहाच्या टपरीवर सल्ले सुरू होतात. दहातले आठ जण एकच सांगतात : खोलायच्या भानगडीत पडू नको, जुन्या बाजारातून आख्खा बॉक्स उचलून आण, उद्या गाडी चालू. सल्ला घाईच्या माणसाला गोड लागतो. माझे मत मात्र उलटे आहे. आपल्या गाडीचा गिअरबॉक्स आपण जन्मापासून ओळखतो. त्याने किती ओझे ओढले, कोणत्या ड्रायव्हरने त्याला कसा वागवला, हे आपल्याला ठाऊक असते. तो बनवून घ्यावा, समोर बसून बनवून घ्यावा, आणि शक्यतो हंगामाच्या आधी बनवून घ्यावा. अनोळखी बॉक्स ही शेवटची सोय, पहिली नव्हे.

आमच्या शिवारातल्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. गाडी हप्त्यावर घेतलेली, दहा वर्षांची झालेली. दुसरा गिअर टाकताना कडकड वाजायचा आणि बॉक्स घुमायचा. ऐन हंगामात तो अडकला. शहरातल्या एका जुन्या बाजारातून त्याने "कमी चाललेला" म्हणून बॉक्स आणला. एका दिवसात बसवला, गाडी पळाली, पोराला वाटले जिंकलो. पंधरा दिवसांत त्याच्या लक्षात आले, की ओल्या रानातून भरलेली गाडी बाहेर काढताना क्लचचा वास येतो. महिन्यात क्लच प्लेट जळाली. नवी टाकली, तीही वास मारू लागली. तिसऱ्या महिन्यात पाचवा गिअर सुटू लागला. शेवटी बॉक्स खोलला तेव्हा आतले वैभव दिसले. पितळी रिंगा गुळगुळीत, एका दात्याचा तुटलेला कोपरा वेल्डिंगने भरून घासलेला, आणि दोन बेअरिंगा कुठल्या बनावटीच्या आहेत हे वाचताही येईना. तेलात जाड ग्रीस कालवलेले होते. सौद्याच्या वेळी आवाज दाबायचा हा फार जुना धंदा आहे.

क्लच का जळत होता, याचे उत्तर वेगळेच निघाले. तो बॉक्स पिकअपचा नव्हताच. प्रवासी जीपचा होता. बाहेरून दोन्ही भावंडांसारखे दिसतात, बोल्ट जुळतात, शाफ्टच्या स्प्लाइन बसतात. आतल्या दात्यांचा हिशेब निराळा असतो. माणसे वाहणाऱ्या गाडीचा पहिला गिअर जरा "लांब" असला तरी चालते. दीड टन माल घेऊन सरीतून बाहेर पडणाऱ्या गाडीचा पहिला गिअर आखूडच लागतो.

हे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. समजा पहिल्या गिअरला इंजिनाकडचा शाफ्ट चार वेळा फिरला, की मागचा शाफ्ट एकदा फिरतो, आणि मागच्या क्राऊन-पिनियनचा हिशेबही चारास एक आहे. म्हणजे इंजिनाचा जोर चाकावर सोळापट होऊन पोचतो. आता तुम्ही साडेतीनास एकचा बॉक्स आणून बसवला, तर तोच जोर चौदापट राहतो. रुपयातले दोन आणे गेले. ते दोन आणे ड्रायव्हर क्लच घसरवून भरून काढतो, आणि त्याचे बिल प्लेटच्या रूपाने मालकाला येते.

तेव्हा जुना बॉक्स घेण्याची वेळ आलीच, तर दुकानातच एक परीक्षा करा. खडूने दोन्ही शाफ्टवर खूण करा. पहिला गिअर टाका. पुढचा शाफ्ट हाताने फिरवत मोजा, मागचा एक पूर्ण फेरा व्हायला पुढे किती फेरे लागतात. तसेच प्रत्येक गिअरला करा आणि आपल्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहा. बहुतेक पाच गिअरच्या पिकअपमध्ये चौथा गिअर एकास एक असतो आणि पाचव्याला पुढचा शाफ्ट एक फेऱ्याहून कमी फिरतो. दुकानदार "काय करताय साहेब, सोन्याचा बॉक्स आहे" म्हणेल. त्याला म्हणू द्या.

आणखी एक गोष्ट सरकारी मंडळींनीही ध्यानात घ्यावी. आरसी बुकात चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो. गिअरबॉक्सचा नंबर नसतो. त्यामुळे कोणत्या गाडीतून उतरवलेला बॉक्स कोणाच्या गाडीत गेला, ती गाडी अपघातातली होती, पुरात बुडालेली होती की चोरीची, याचा मागमूस राहत नाही. कच्च्या चिठ्ठीवर बॉक्स घेणारा शेतकरी नकळत काय विकत घेतो, हे त्यालाच माहीत नसते. पक्के बिल नसेल, तर सौदा नको.

आता बनवण्याकडे वळू. पण बॉक्स उतरवण्याआधी तो खरेच बिघडला आहे का, हे पाहणे आले. कित्येक बॉक्स विनाकारण उतरवले जातात. एकच गिअर टाकताना कडकडतो आणि बाकीचे सुरळीत पडतात, तर दोष त्या गिअरच्या सिंक्रो रिंगेचा. सगळेच गिअर जड पडतात, रिव्हर्स टाकताना घासतो, तर बहुधा बॉक्स निर्दोष असतो आणि क्लच पुरता सुटत नसतो. तिथे क्लचचे ऑइल, सिलिंडर आणि पेडल आधी तपासावे. शेकड्यात भागणारे काम हजारांत नेण्यात शहाणपण नाही.

आवाजाचीही भाषा आहे. गाडी न्यूट्रलला उभी करून इंजिन चालू ठेवा. क्लच न दाबता घुमण्याचा आवाज येतो आणि पेडल दाबताच तो थांबतो, तर बॉक्समधल्या पुढच्या शाफ्टचे किंवा खालच्या ले शाफ्टचे बेअरिंग गेले. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बेअरिंग. रस्त्याला चालताना चौथ्यात गाडी शांत आणि बाकी सगळ्या गिअरला घुमते, असे असेल तर संशय ले शाफ्टवर धरावा, कारण चौथ्यात जोर त्या शाफ्टवरून न जाता सरळ मागे जातो. गिअर टाकल्यावर आपोआप सुटून न्यूट्रल होत असेल, तर स्लीव्हचे दाते झिजले असतील, फोर्क झिजला असेल, किंवा आतली गोळी-स्प्रिंग बसली असेल. ही गोळी-स्प्रिंग हरभऱ्याएवढी वस्तू, पण तिच्यापायी आख्खे बॉक्स भंगारात गेलेले पाहिले आहेत.

तेलाचा नट खोलताना मालकाने तिथे असावेच. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. नदी-ओढ्यातून गाडी घालतो आपण. तापलेला बॉक्स थंड पाण्यात बुडाला की आत ओढ घेतो आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी शिरते. तेलात सोनेरी भुकटी चमकली, तर पितळी रिंगा झिजताहेत. लोखंडाचे तुकडे निघाले, तर दाता तुटला आहे आणि आता एक दिवसही गाडी चालवू नये, कारण तो तुकडा दुसऱ्या दोन दात्यांमध्ये सापडला तर घरच फुटते.

बंद पडलेली गाडी गावाकडे आणण्याचीही एक रीत आहे, ती आपल्याकडे कोणी पाळत नाही. टोचन लावून, मागची चाके जमिनीवर ठेवून, न्यूट्रलमध्ये वीस-तीस किलोमीटर ओढत आणतात. चाके फिरतात तसा मागचा शाफ्ट आत फिरत राहतो, पण इंजिन बंद असल्याने ले शाफ्ट फिरत नाही. बॉक्समध्ये तेल वर उडवतो तो ले शाफ्टच. म्हणजे वरचा शाफ्ट कोरडा फिरतो आणि बरी असलेली बेअरिंगही जळून जातात. टोचन करण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट सोडून तो काढावा. पंधरा मिनिटांचे काम आहे. घाटात इंजिन बंद करून, न्यूट्रल करून गाडी सोडणाऱ्या शूरवीरांना हेच सांगणे आहे. डिझेल वाचते चमचाभर, आणि ब्रेक तापून जीव जायची वेळ येते ती वेगळीच.

बॉक्स खोलल्यावर मिस्तरी विचारतो, "किती काम करायचं? गेलंय तेवढंच टाकू की समदं?" इथे बहुतेक मालक चुकतात. ज्या बेअरिंगाचा आवाज येतो, तेवढेच बदलायला सांगतात. पण बॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी एकदाच द्यायची असते. आत एकाच तेलात, एकाच ओझ्याखाली सारी बेअरिंग चाललेली असतात. एक गेले, तर बाकीचे रांगेत उभे आहेत. माझे म्हणणे असे, की बेअरिंग सगळी बदलावी, सिंक्रो रिंगा सगळ्या बदलाव्या, सील आणि पॅकिंग नवी, गोळ्या-स्प्रिंगा नव्या. त्याच हाताने पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग बदलून घ्यावी आणि क्लच प्लेट निम्म्याहून झिजली असेल तर तीही टाकावी. दात्यांचे मात्र तसे नाही. गिअर महाग असतो आणि शाबूत असेल तर त्याला हात लावू नये. पण बदलायचाच झाला, तर जोडीने बदलावा. वरचा नवा आणि त्याच्याशी लागणारा खालचा जुना, असे केले की नवा दाता जुन्या झिजेवर बसतो आणि पहिल्या दिवसापासून रडू लागतो.

दुसऱ्या गिअरची रिंग सगळ्यांत आधी जाते, याला कारण आपलेच हात. चढाला तिसऱ्यातून घाईने दुसरा ओढला जातो. त्या क्षणी दोन वेगवेगळ्या वेगांची चक्रे एका वेगावर आणायचे काम ती पितळी रिंग करते. जरा दम धरून टाकला, तर ती वर्षानुवर्षे टिकते. नवी रिंग बसवताना मिस्तरीने ती गिअरच्या कोनावर दाबून पकडते का पाहावे, आणि रिंग व गिअरमधली फट फिलर गेजने मोजावी. "नजरेनं कळतं" म्हणणाऱ्या मिस्तरीचा अनुभव मी नाकारत नाही, पण झिजलेल्या कोनावर नवी रिंग बसवली तर ती पकडत नाही, आणि हे गेजला कळते, नजरेला नाही.

बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवू देऊ नये. प्रेस नसेल, तर लेथवाल्याकडे असतो. आणखी एक चोरवाट असते. बेअरिंगची बाहेरची कडी अॅल्युमिनियमच्या घरात फिरून घर सैल झालेले असते. तेव्हा घराला आतून टोचे मारून बेअरिंग घट्ट बसवतात. बसते खरे, पण दोन-चार महिने. अशा घराला लेथवर बुश घालून घ्यावा किंवा घर बदलावे. बॉक्स परत चढवताना त्याचे सगळे वजन क्लच प्लेटमध्ये शिरलेल्या शाफ्टवर लोंबकळत ठेवू नये. नव्या प्लेटचे मधले हब वाकते आणि मग "नवी प्लेट टाकूनही क्लच सुटत नाही" अशी तक्रार घेऊन आपणच दारात उभे.

तेलाचे तर मोठेच अज्ञान आहे. गिअर ऑइल म्हणजे गिअर ऑइल, असे समजून डिफरन्शिअलचे उरलेले तेल बॉक्समध्ये ओततात. डबा फिरवून पाहा. त्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ लिहिलेले असते. जीएल-५ मध्ये जास्त दाबाची रसायने जास्त असतात. ती मागच्या क्राऊन-पिनियनला लागतात, पण पितळी रिंगांना सोसतीलच असे नाही, आणि रिंगेची पकडही कमी होऊ शकते. गाडीच्या पुस्तकात जे लिहिले तेच घालावे. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारायला पैसे पडत नाहीत. ब्रीदरचे भोक चिखलाने बुजले असेल तर तेही मोकळे करावे. ते बुजले की आत दाब वाढून नव्या सीलमधूनही तेल गळते आणि बिचाऱ्या मिस्तरीच्या नावाने शंख होतो.

मग बदलायचा कधी? घराला तडा गेला असेल, शाफ्ट वाकला असेल, दोन-तीन जोड्यांचे दाते गेले असतील, तर बनवण्याचा खर्च नव्याच्या जवळ जातो. तेव्हा आपल्याच मॉडेलचा नवा किंवा हमीसह बनवलेला बॉक्स पक्क्या बिलाने घ्यावा. सुटे भाग आता तालुक्यालाही मिळतात. नाही मिळाले तर नाशिकला किंवा पुण्याच्या नाना पेठेत मिळतात. गाडीचे वर्ष, मॉडेल आणि चेसिस नंबर कागदावर लिहून न्यावा. "बोलेरो पिकअपची रिंग द्या" एवढे सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक बॉक्स बदललेले आहेत.

हे सारे केले तरी ओझ्याचा प्रश्न उरतोच. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरतात. दीडशे क्रेट म्हणजे ३ टन, रिकाम्या क्रेटचे वजन वेगळे. गाडीची पात्रता दीड ते पावणेदोन टनांची. आपले लोक म्हणतात, "पाटे वाढवलेत, काही होत नाही." पाटे वाढवले म्हणून बॉक्सचे दाते जाड होत नाहीत. खरे तर इंजिनाचा जोर ओझ्याने वाढत नाही, तो आहे तेवढाच राहतो. पण दुप्पट ओझ्याला तोच पुरा जोर मिनिटाऐवजी पाच-पाच मिनिटे दात्यांवर राहतो, आणि क्लच सोडताना बसणारा झटका तर मापाबाहेर जातो. भरल्या गाडीला पाचव्यात रेटणे हाही तसाच प्रकार. इंजिन गुरगुरत असते, डिझेलचा प्रत्येक ठोका दात्यावर हातोड्यासारखा बसतो, आणि ड्रायव्हर म्हणतो अॅव्हरेज काढतोय. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात जादा ओझ्याला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण दंडाचे भय दाखवून काही होणार नाही, हे मलाही कळते. भाडे क्रेटमागे ठरते, आणि दोन फेऱ्यांचे डिझेल परवडत नाही म्हणून दीडशे क्रेट चढतात. बाजार समित्यांनी वजनकाट्याशी हा विषय एकदा तरी काढावा.

ग्रामपंचायतींच्या घंटागाड्यांबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. कित्येक गावांत ती गाडी पंचायतीच्या आवारात उभी असते आणि चाकाखाली गवत उगवलेले असते. अंदाजपत्रकात लिहिलेले असते, "गिअरबॉक्स दुरुस्ती, १ नग". एवढ्यावर कोणता ग्रामपंचायत अधिकारी मंजुरी देईल आणि दिली तर लेखापरीक्षणात काय सांगेल? दरपत्रक मागवतानाच भागांची यादी मागा : बेअरिंग किती, रिंगा किती, सील किती, मजुरी वेगळी, हमी किती महिन्यांची. काढलेले जुने भाग पोत्यात भरून परत घ्या आणि नोंद करा. आणि सर्वांत आधी गाडीचे वय पाहा. सरकारी व निमसरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांपुढे नूतनीकरण न करण्याचा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. चौदाव्या वर्षी बॉक्सवर खर्च करून पंधराव्या वर्षी गाडी भंगारात घालायची, हा उद्योग कोणत्याही सरपंचाने करू नये.

तालुक्याच्या आयटीआयत मेकॅनिक डिझेल, मोटार मेकॅनिक हे अभ्यासक्रम असतात. पोरांना उघडायला खऱ्या चालत्या गाडीचा बॉक्स मिळत नाही आणि आपल्याला गेज धरणारा हात मिळत नाही. पंचायतीच्या दोन-चार गाड्यांची कामे निदेशकांच्या देखरेखीखाली तिथे झाली, तर दोघांचेही भागेल. यात पैशापेक्षा पत्रव्यवहाराची अडचण जास्त आहे. गटविकास अधिकाऱ्यांनी मनावर घेतले तर ती सुटेल.

त्या तरुणाचा जुना, स्वतःचा बॉक्स सुदैवाने गोठ्यात पडून होता. भंगारवाल्याला द्यायचा राहून गेला होता. यंदा आखाडात, बाजार थंड असताना, त्याने तो तालुक्याच्या मिस्तरीकडे नेला आणि दोन दिवस पालथ्या क्रेटवर बसून समोर खोलून घेतला. फक्त दुसऱ्या गिअरची रिंग आणि ले शाफ्टची बेअरिंग गेली होती. दाते सगळे शाबूत. तरी त्याने रिंगा आणि बेअरिंग पुरा संच टाकला. आता गाडी चौथ्यात आणि तिसऱ्यात सारखीच शांत चालते. झिजलेली रिंग त्याने पडवीत खिळ्याला टांगून ठेवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. क्रेट किती भरतोस, असे मी विचारले, तर हसला आणि म्हणाला, "एकशे वीस." आधी दीडशे भरायचा.